भुताच्या कादंबरीला विहाराच्या कपाटात जागा आहे का?

गेले दोन महिने रत्नागिरीतल्या आमच्या अभ्यासवर्गात एका जाडजूड कादंबरीवरून सरळ दोन तट पडले आहेत. कादंबरी आहे स्टीफन किंगची 'इट'. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली, हजाराच्या वर पानांची. अंतराळातून आलेला एक जीव डेरी नावाच्या गावाखाली युगानुयुगे दडून बसलेला असतो. साधारण दर सत्तावीस वर्षांनी तो जागा होतो आणि गावातली मुलं खातो. सात मुलं त्याच्याशी लढतात आणि मोठी झाल्यावर पुन्हा लढायला परत येतात. नारायण धारपांची 'शपथ' याच कथेवर बेतलेली आहे, त्यामुळे इंग्रजीच्या वाटेला न गेलेल्यांनाही गोष्ट ठाऊक होती. एका हितचिंतकाने दोन्ही पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला दिली आणि वाद पेटला.

पहिल्या तटाचं म्हणणं: ही पुस्तकं कपाटातून काढा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारलं आहे. ज्यांनी मेलेल्याचा अतृप्त आत्माच नाकारला, त्यांच्या कपाटात भूत कशाला? त्यात आपलं कोकण! इथे मुलाचा ताप दोन दिवसांत उतरला नाही की अजूनही कुणीतरी अंगारा घेऊन येतं, देवस्कीची कुजबुज सुरू होते. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी भगताकडची रांग काही तुटलेली नाही. एका कार्यकर्त्याने तर विचारलं, "स्पर्धा परीक्षेच्या पोराने हजार पानं विदूषकाच्या तोंडवळ्याच्या राक्षसावर घालवायची का?"

दुसऱ्या तटाचं म्हणणं: कादंबरी वाचून कुणाला भूत लागत नाही. आपण काय वाचावं हे शेकडो वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं, आता ते आपणच एकमेकांसाठी ठरवायला लागलो तर फरक काय राहिला?

यात आणखी दोन भांडणं मिसळली. धारपांनी परकी कथा मराठी मातीत रुजवली की नुसती उचलली, हे एक. दुसरं वर्गातल्या एका मुलीने काढलं. मूळ कादंबरीत शेवटाकडे कोवळ्या वयाच्या मुलांना लैंगिक प्रसंगात ओढणारी पानं आहेत. तिने ती स्वच्छपणे गलिच्छ ठरवली. त्या पानांबद्दल मी तिच्या बाजूचा आहे, लेखक कितीही मोठा असो.

पण पुस्तक कपाटातून काढण्याच्या बाजूचा मी नाही. का, ते सांगतो.

भीतीचंही राजकारण असतं, हे मी पुस्तकातून शिकलो नाही, आजीकडून शिकलो. आमची वस्ती गावाच्या मसणवटीला लागून. गावाने ती तिथेच ठेवली होती. बाकीचे लोक तिन्हीसांजेनंतर ज्या वाटेला फिरकत नसत, ती आमच्या माणसांची रोजची वाट. मरणाची वर्दी घेऊन रात्री-बेरात्री परगावी जाणं हे महाराचं गावकाम. पावसात, हातात चूड घेऊन, पऱ्या ओलांडून. भूत असतं तर ते सर्वांत आधी आम्हाला भेटलं असतं! आजी पिंपळावरच्या मुंजाला कधी भ्यायली नाही. ती भ्यायची खोताच्या खळ्याला. दिवसाउजेडीसुद्धा ती खळ्यावरून जायचं टाळायची आणि लांबचा वळसा घालून मसणवटीतून यायची. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मेलेलं माणूस कुणाला वेठीला धरीत नाय रे, बाबा."

या एका वाक्यात जी समज आहे ती मला पुष्कळ भयकथांत सापडत नाही. आपल्याकडे भुतांनासुद्धा जात आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मण मुलगा तो मुंजा, ब्राह्मणाचं भूत तो ब्रह्मसमंध. खवीस कुणी मुसलमानाचा सांगतो, कुणी महारा-मांगाचा. मेल्यावरही माणूस आपल्या पायरीवरच उभा! मराठी भयकथेने ही उतरंड फारशी हलवली नाही. भुताचा वाडा सरंजामदाराचा, आणि तारणहार मंत्रसाधना केलेला. धारपांच्या लोकप्रिय नायकाचं नावच 'समर्थ'. मग पहिल्या तटाला त्यात जुन्याच व्यवस्थेचा वास आला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' काही भयकादंबरी नव्हे, पण आपल्याच जिल्ह्यातल्या त्या मोठ्या कादंबरीतही जग दिसतं ते खोताच्या ओटीवरून. खळ्यावर जिचं भात मोजून नेलं जायचं ती बाई तिथून कशी दिसायची, हे तिच्या बाजूने लिहायचं अजून बाकी आहे. खोतीच्या त्या भीतीविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले, आणि खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. आजीचं भूत मंत्राने नाही, कायद्याने उतरलं.

आता 'इट'कडे वळू. वाचक तिच्या लांबीवर भांडतात, शेवटी राक्षस कोळ्याच्या रूपात येतो म्हणून हिरमुसतात. माझ्या मते त्या कादंबरीतलं खरं भय जमिनीखाली नाहीच, जमिनीवर आहे. मुलं नाहीशी होतात आणि मोठी माणसं तोंड फिरवतात. दर वेळी हाहाकार होतो आणि गाव दर वेळी विसरतं. सात मुलांतला एक, माइक हॅनलन, काळा आहे. शेजारचे गोरे बापलेक त्याच्या घराचा द्वेष करतात. बाप कोंबड्या मारतो, पुढे मुलगा त्याच्या कुत्र्याला विष घालतो. त्याच गावात १९३० साली सैन्यातल्या काळ्या शिपायांचा क्लब गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी जाळल्याचा प्रसंग आहे, आणि त्यातून वाचलेला माइकचा बाप ती हकिगत मुलाला सांगून जातो. कोंबड्या, विष, आग. हे वाचताना परकं काही वाटतं का तुम्हाला?

मोठेपणी सहा जण गाव सोडतात, पैसा मिळवतात आणि सगळं विसरून जातात. माइक एकटा मागे राहतो. तो गावचा ग्रंथपाल होतो, जुन्या नोंदी काढतो, म्हाताऱ्यांना विचारतो, वहीत लिहितो. संकट परत येतं तेव्हा बाकीच्यांना फोन करून शपथेची आठवण देणारा तोच. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांनी आपल्याला दगा दिल्याची खंत बोलून दाखवली होती. मुंबईला जाऊन स्थिरावलेल्या आणि वस्तीचा रस्ता विसरलेल्या आपल्या माणसांची गोष्ट याहून वेगळी आहे काय?

आणि पुढची गंमत ऐका. २०१७ साली या कादंबरीवर सिनेमा आला. त्यात गावाचा इतिहास शोधण्याचं काम माइककडून काढून एका गोऱ्या मुलाला दिलं. राक्षस तोच, गटार तेच, फक्त स्मृतीची मालकी बदलली. आपला इतिहास आपल्या हातून कसा जातो याचं इतकं सोपं उदाहरण वर्गात शिकवायला दुसरं मिळणार नाही. पण ते कळण्यासाठी मूळ पुस्तक वाचलेलं असावं लागतं. कपाटातून काढून टाकलं तर सिनेमाच खरा ठरेल.

भयकथेला आपण 'भूत खरं की खोटं' हा प्रश्न विचारून मोकळे होतो. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, भूत नसतं. त्याच्या पुढचे तीन प्रश्न महत्त्वाचे: या गोष्टीत राक्षस कोणाला ठरवलं आहे? सुटका कोण करतो, मंत्र की माणसांची एकजूट? आणि शेवटी आठवण कोणाकडे राहते? या तीन प्रश्नांवर जे पुस्तक नापास होईल त्यावर तुटून पडा, लेख लिहा, पण वाचून.

याच कसोटीवर आणखी एक पुस्तक घासून पाहा: बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९०१ सालची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा भीम, भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघालेला, मसूर स्टेशनवर उतरलेला. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो, जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाला दुप्पट भाडं घेतो, तरी त्यांच्याबरोबर गाडीत बसत नाही, गाडी मुलांनाच हाकायला लावतो. रात्र पडते. डबा जवळ आहे, पण प्यायला पाणी नाही, म्हणून तो खाता येत नाही. जकात नाक्यावर जाऊन मुसलमान असल्याचं सांगितलं तरी पाणी मिळत नाही. उपाशी, तहानलेली, धास्तावलेली मुलं रात्र काढतात. माणसाचा चेहरा क्षणात बदलणं ही किंगच्या राक्षसाची मोठी युक्ती मानली जाते. इथे ती कुठल्याही राक्षसाविना घडली आहे, आणि गोष्ट खरी आहे.

म्हणून अभ्यासवर्गापुढे माझा प्रस्ताव असा. दोन्ही कादंबऱ्या कपाटात राहू द्या आणि त्यांना लागून 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ठेवा. ज्याला परीक्षेमुळे हजार पानं झेपत नाहीत त्याने ही थोडकी पानं आधी वाचावीत. ज्या मुलीने त्या गलिच्छ पानांवर बोट ठेवलं, तिने तो आक्षेप लेखी मांडावा, आपण तो वाचनालयात लावू. आणि मे महिन्यात गावी जाणाऱ्या प्रत्येकाने एक वही न्यावी. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावं: तू कशाला भ्यायचीस? रात्री कुठली वाट टाळायचीस? जे सांगतील ते तारखेसकट, वाडीच्या नावासकट लिहून आणावं. माझी आजी आता नाही, तिचं मी वर लिहिलं. तुमच्या आज्या आहेत तोवर घाई करा.

जय भीम!