कानडी मुलखातला येळकोट

आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. वडील होते तोवर दर चंपाषष्ठीला घरी तळी उचलली जाई, वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा होई. वडील गेले आणि देवघरातला चांदीचा टाक फडक्यात गुंडाळून कपाटात गेला. कोणी मुद्दाम ठेवला असे नाही. रंगकामाच्या वेळी ठेवला, तो तिथेच राहिला. खंडोबा माझ्याकडे उरला तो वर्गात शिकवण्यापुरता. दर वर्षी मी मुलांना सांगतो, "अरे, 'येळकोट' हा शब्द कानडी. 'एळु' म्हणजे सात, 'कोटि' म्हणजे कोटी. देव आपला, पण त्याचा जयजयकार आपण मोजतो मात्र कानडीत!" मुले हसतात. ती हसतील एवढा वेळ मीही दर वर्षी त्याच जागी थांबतो.

२०२४ च्या आरंभी एका विद्यार्थिनीने न हसता विचारले, "सर, तुम्ही तिकडे कधी गेलात?" मी गेलो नव्हतो. म्हणून गेलो.

रा. चिं. ढेरे यांचे 'खंडोबा' हे पुस्तक आणि एक कोरी वही पिशवीत टाकून मिरजेहून रेल्वेने राणेबेन्नूरला उतरलो. तिथून बसने तुंगभद्रा ओलांडली की मैलार येते. हे गाव पूर्वी बळ्ळारी जिल्ह्यात होते, २०२१ पासून नव्या विजयनगर जिल्ह्यात आहे. तिथला मैलारलिंग म्हणजेच आपला मल्हारी मार्तंड. माघी पौर्णिमेला तिकडे भारत हुण्णिमे म्हणतात, त्या सुमारास त्याची मोठी जत्रा भरते. आदल्या वर्षी पावसाने कर्नाटकात दगा दिला होता. नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक दिसत होती. तरी माणसे मात्र पुरासारखी लोटत होती.

बसमधून उतरलो आणि पहिलीच आरोळी कानांवर आली, "एळुकोटि, एळुकोटि, एळुकोटिगो, चांगमलो!" जेजुरी आणि जोतिबा एकाच दमात कोणीतरी पुकारावेत तसे वाटले. मी घाईने वही काढली. मग काय, नोंदींना तोटा नव्हता. आपल्याकडे वाघ्ये, तसे इथे गोरवय्या. अंगावर काळी घोंगडी, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी, हातात डमरू. आपल्याकडे वाघ्याचा कोटंबा, तसे यांच्याजवळ लाकडी भांडे. आपल्या देवाची दुसरी बायको धनगराची बाणाई, तर इथेही देवाच्या घरात कुरुबांची, म्हणजे मेंढपाळांचीच, लेक. आपल्याकडे लंगर तोडतात, इथेही लोखंडी साखळी तोडण्याचा विधी आहे. आणि भंडारा? तो दोन्हीकडे सारखाच पिवळा. संध्याकाळपर्यंत माझी बारा पाने भरली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

मुक्कामाला जागा कुठली मिळणार? एका बैलगाडीच्या आडोशाला पथारी टाकली. गाडीचा मालक म्हातारा, हावेरीकडचा कुरुब. सगळे त्याला अज्जा म्हणत, मीही म्हणू लागलो. तरुणपणी मेंढरे घेऊन तो कोल्हापूर-मिरजेपर्यंत हिंडला होता, त्यामुळे मराठी बऱ्यापैकी बोले. आजोळ जतचे असल्याने माझ्या कानांवरही थोडी कानडी होती. त्याने कागदावर मंडक्की आणि मिरचीभजी माझ्यापुढे सरकवली आणि विचारले, "मास्तर, काय लिवता एवढं?"

मी त्याला दोन्ही देवांचे साम्य समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "एकच देव हाय म्हणायला बारा पानं लागली व्हय?"

मग तो स्वतःचे सांगू लागला. मका वाळून गेला होता. दोन म्हशी विकून झाल्या होत्या. राहिली होती ती ही बैलजोडी. गिऱ्हाईक दारात येऊन गेले होते, भावही बरा सांगत होते. मुलगा म्हणे विका, चारा कुठला आणायचा? अज्जाने त्याला थांबवले होते. "म्हटलं, कारणिक ऐकून येतो. मग बघू."

कारणिक म्हणजे देवाची वर्षाची वाणी. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी, डेंकनमरडी नावाच्या माळावर ती होते. अनेक दिवस उपास केलेला एक गोरवय्या दोन-तीन पुरुष उंचीच्या धनुष्यावर चढतो, एकच वाक्य बोलतो आणि वरून खाली पडतो. खालची माणसे त्याला झेलतात. त्या एका वाक्यावरून लोक वर्षाचे पाऊसपाणी, पीक आणि राजकारण ठरवतात. हे सारे मी वाचून गेलो होतो. अंधश्रद्धेवर एक परिच्छेद मनात तयारही होता.

२६ फेब्रुवारीची ती संध्याकाळ. माळावर जिकडे पाहावे तिकडे माणूस. डमरू, ढोल, आरोळ्या, हरवलेल्या पोरांच्या हाका, असा सगळा कल्लोळ. गोरवय्या धनुष्यावर चढू लागला. वर पोहोचला, आकाशाकडे पाहिले आणि ओरडला, "सद्दले!" गप्प व्हा!

आणि तो अवघा माळ गप्प झाला. लाखो माणसे एकदम गप्प होणे म्हणजे काय, ते मला लिहून सांगता येत नाही. वर्गातली साठ मुले गप्प बसवायला माझा अर्धा तास जातो. शेजारी अज्जाने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या घोंगडीवर पडलेला हात कापत होता. माझ्या हातातली पेन्सिल कागदाला टेकलेली होती, पण हलली नाही.

वरून वाक्य आले. शेवटचा 'पराक्' तेवढा मला समजला. गोरवय्या कोसळला, गर्दीने झेलला आणि पुन्हा कल्लोळ उसळला. मी अज्जाची घोंगडी ओढून विचारले, "काय म्हणाला? अज्जा, काय म्हणाला देव?" विचारल्यावर माझे मलाच नवल वाटले. हा प्रश्न वहीसाठी नव्हता.

वाक्याचा अर्थ लागेपर्यंत रात्र झाली. चहाच्या टपरीवरच्या तरुणांनी त्यातून येणारी लोकसभेची निवडणूक काढली. एका व्यापाऱ्याने बाजारभाव काढला. एका म्हातारीने पाऊस काढला. मी अज्जाला म्हटले, "यातले खरे कोणते?"

"देव एवढंच बोलतो, मास्तर. बाकीचं आपण बोलायचं."

"मग बैलांचं काय?"

"ठिवतो."

"ते त्या वाक्यात कुठं आहे?"

"वाक्यात न्हाई," तो बैलांपुढे चारा टाकत म्हणाला. "समदी गप झाली न्हवं, तवा कळलं. समद्यांच्या पोटात तेच हाय. मग मी एकट्यानं काय भ्यायचं?"

अंधश्रद्धेवरचा माझा परिच्छेद अजून लिहायचा राहिला आहे. त्या वर्षी कर्नाटकात पाऊस चांगला झाला. त्याचे श्रेय कारणिकाला द्यायला माझे शिक्षण तयार नाही, आणि अज्जानेही ते दिले नसते. पण पावसाची बातमी वाचताना मला प्रथम ती बैलजोडी आठवली, हे खरे.

डिसेंबरात चंपाषष्ठी आली. कपाटातून टाक काढला, चिंचेने घासला. तळी उचलायला पाच पुरुष लागतात, आणि घरात मी आणि मुलगा असे दोघेच. वरच्या मजल्यावरचे शेजारी, इमारतीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांना बोलावले. ताम्हणात पाने, सुपारी, खोबरे ठेवले आणि अज्जाने निघताना पुडीत बांधून दिलेला मैलारचा भंडारा वर टाकला. पाचांचे हात ताम्हणाला लागले, तोच मुलाने विचारले, "बाबा, येळकोट म्हणजे काय?"

उत्तर माझ्या तोंडपाठ होते, हसण्याच्या जागेसकट. पण त्या दिवशी ते दिले नाही.

"आधी मोठ्याने म्हण," मी म्हटले, "मग सांगतो."