पेल्यांची पंजी

टॅरोच्या पत्त्यांतली पेल्यांची पंजी निघाली की माझी सकाळ लांबते. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले लवंडलेत, आतलं सगळं सांडलंय. पाठीमागे दोन पेले शाबूत आहेत, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. पलीकडे नदी आणि नदीवर पूल. चित्रकर्तीने पूलसुद्धा काढून ठेवला, त्या माणसाला तेवढं वळवलं नाही.

ही चित्रकर्ती पामेला कोलमन स्मिथ. १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने हा संच काढला. योजना आर्थर वेट यांची, चित्रं पामेलाची. तरी पुढे कितीतरी वर्षं पत्ते ओळखले गेले ते रायडर आणि वेट यांच्याच नावाने. काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे, असं तिने एका पत्रात लिहिलं होतं. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा मागे कर्ज होतं. मी ज्या चित्रांत रोज उमेद शोधते त्यांच्या कोपऱ्यात तिची नागमोडी सही असते. ती दिसली की सगळं चांगलंच होणार असल्या गोड आशावादावर माझा विश्वास बसेनासा होतो.

‘सकाळी सकाळी पत्ते?’ असं घरात विचारलं जातंच. मग मी सांगते की पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते नुसते खेळायला वापरत. इजिप्तच्या प्राचीन विद्येशी त्यांचं नातं जोडलं ते कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने, १७८१ मध्ये. याने कुणाचं समाधान होत नाही, ते सोडा. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा हो की नाही ते हवं असतं. मला पत्त्याकडून उत्तर नकोच असतं. मला प्रश्न हवा असतो, आणि तोही मी न निवडलेला. नुसती डायरी उघडली की मी स्वतःला सोयीचंच विचारते. पत्ते पिसले की ती सोय जाते. तलवारींची अठ्ठी येते: डोळ्यांवर पट्टी, अंगाला बंध, मागे तलवारींचं कुंपण. ‘माझ्या हातात काहीच नाही’ म्हणत मी टाळत असलेला एक फोन तेव्हा हमखास आठवतो, कारण चित्रातल्या बाईचे पाय मोकळे आहेत आणि पुढची वाटही.

चित्रं मोघम असतात, कुणालाही लागू पडतात, हा आक्षेप खराच आहे. भविष्य सांगणाऱ्याने त्याची लाज बाळगावी. मला विचार करायला तेवढा मोघमपणा लागतोच.

पंजीच्या दिवशी सांडलेले तीन पेले मी आधी लिहिते, नावनिशीवार. ते गाळून थेट मागच्या दोनांकडे वळलं तर ते दोन खोटे वाटायला लागतात. निम्म्या वेळा दुसऱ्या पेल्याचं नाव सुचतच नाही, मग तिथे ‘चहा’ लिहिते. सूर्याचं पान मात्र अगदीच निरुपयोगी. पिवळंधमक ऊन, पांढऱ्या घोड्यावर हसरं मूल, त्यावर लिहिणार काय? त्या दिवशी डायरी कोरीच राहते.