तह करावा, सोयरीक जुळावी

आम्हां इंदूरकरांच्या घरी ‘तह’ या शब्दाची गंमत होते. हिंदीत ‘कपड़े तह करना’ म्हणजे कपड्यांच्या घड्या घालणे. ‘होळकरांनी इंग्रजांशी तह केला’ हे वाचून माझ्या धाकट्या नातीने विचारले, “आजी, घडी कशाची केली?”

तिला सांगितले, शाळेत तुम्ही ‘संधि’ म्हणता, तोच आपला तह. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. गादीवर होते अल्पवयीन दुसरे मल्हारराव. बराच मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचा हक्क सोडावा लागला आणि त्याच वर्षी इंदूर राजधानी झाले.

मराठीत क्रियापदावरूनच नाते कळते. तह ‘करतात’, हरलेल्याला तर करावाच लागतो. संधान ‘बांधतात’, त्यात थोडा डाव असतो. युती ‘करतात’ आणि सोय संपली की मोडतात. गट्टी मात्र ‘जमते’, सोयरीक ‘जुळते’. तिथे एकट्याची जबरदस्ती चालत नाही.

गेल्या वर्षी मोठ्या नातवाचे लग्न हिंदीभाषक घरात ठरले. तिकडची मंडळी म्हणाली, “रिश्ता जुड़ गया।” मी म्हटले, “जुळलं हो!” पण घरात मराठी टिकेल का, ही धास्ती होतीच.

आता नातसून माझ्याशी हिंदीत बोलते, मी तिच्याशी मराठीत. परवा तिने भाजीवाल्याकडे ‘केळी’ मागितली, स्वच्छ ‘ळ’ उच्चारून. भाषेबद्दल आमच्यात तह झालेला नाही. हळूहळू जुळते आहे.