स्वस्तातली मोठी बोट

तीस वर्षांची, सेहेचाळीस फूट लांबीची शिडाची बोट इंग्लंडात लंडनच्या उपनगरातल्या वन-बीएचके फ्लॅटपेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळते. झोपायच्या तीन खोल्या, दोन संडास-बाथरूम, स्वयंपाकघर, डिझेल इंजिन आणि खाली समुद्र. आमच्या एका स्नेह्यांना हा हिशेब निवृत्तीच्या सुमारास सापडला आणि त्यांनी मला फोन केला. मी जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो. शिडाशी माझा संबंध हौसेपुरता, सोलंटच्या सामुद्रधुनीत दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढण्याइतकाच. पण इथल्या मराठी मंडळींत ‘समुद्रातला माणूस’ मीच, त्यामुळे बोटी बघायला मला नेणं ओघानंच आलं.

बेत असा होता : बोट घ्यायची, वर्षभर हात बसवायचा, मग भूमध्य समुद्र, सुएझ, तांबडा समुद्र करत मुंबई गाठायची. तांबड्या समुद्राचं सध्या काही खरं नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “मग केप ऑफ गुड होपला वळसा घालू.” नकाशावर केपला वळसा घालायला एक बोट पुरतं, हाताचं.

मोठ्या जुन्या बोटी इतक्या स्वस्त का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. फायबरग्लास सडत नाही आणि गंजत नाही. त्यामुळे १९७०-८०च्या दशकांत साच्यातून निघालेल्या बोटी अजून तरंगताहेत आणि दर वर्षी त्यांत भर पडते आहे. विकणारे मात्र बहुतेक एकाच वयाचे असतात. ज्यांनी पन्नाशीत जग फिरायला बोट घेतली, ते आता पंचाहत्तरीला आले. जाहिरातीत ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहिलेलं असतं. बोटीवर गेलं की कळतं, गुडघे. जिन्याच्या उंच पायऱ्या उतरताना मालकीणबाई ज्या तऱ्हेनं कठडा धरतात, त्यात विक्रीचं कारण दिसतं.

आणि इथेच व्यवहाराची मेख आहे. बोटीची किंमत वयानं उतरते. तिच्या भागांची उतरत नाही. सेहेचाळीस फुटी बोटीचं मोठं शीड शिवून घ्यायला गेलात, तर शीडवाला बोटीचं वय विचारत नाही, क्षेत्रफळ विचारतो. मरीनावाला मीटरनं पैसे घेतो. डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टीलच्या तारा दहा-पंधरा वर्षांत बदला, असं बहुतेक विमा कंपन्या सांगतात, आणि त्या तारांची जाडी बोटीच्या वजनावर ठरते. वजन तर लांबीच्या प्रमाणात वाढतच नाही, ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्याच घडणीची बोट तीसच्या जागी सेहेचाळीस फुटांची केली, तर लांबी दीडपट होते आणि वजन साडेतीनपट. म्हणजे बोट विकत मिळते जुन्या भावात, सांभाळावी लागते नव्या भावात. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून तो इतका हसतमुख असतो.

स्नेह्यांना आवडलेली बोट हॅम्बल नदीकाठच्या एका मरीनात होती. सागवानी डेक, आत पॉलिश केलेलं लाकूड, पितळी दिवे. ब्रिटिश पद्धत अशी, की दहा टक्के अनामत भरायची, मग सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी आपल्या खर्चानं करून घ्यायची आणि दोष निघाले तर किंमत पुन्हा बोलायची किंवा माघार घ्यायची. बोट पाण्याबाहेर उचलण्याचे पैसेही आपलेच. पुष्कळांना हा खर्च जिवावर येतो. माझ्या मते सगळ्या व्यवहारात खात्रीनं वसूल होणारे पैसे तेवढेच.

सर्व्हेअर म्हणजे एक अबोल गृहस्थ होते. नारळ घेणारा जसा वाजवून घेतो, तसे ते प्लॅस्टिकच्या हातोडीनं तळ वाजवत कान लावून पुढे सरकत होते. टणक आवाज आला की पुढे. बद्द आला की खडूची खूण. पाण्याच्या रेषेखाली फोड होते. त्यांनी एक टोकरला तेव्हा आतून चिकट द्रव आला, व्हिनेगरसारखा आंबूस वासाचा. वर्षानुवर्षं पाणी फायबरग्लासमध्ये झिरपतं आणि आतल्या रेझिनच्या अवशेषांशी मिळून तो द्रव होतो. बोट यानं बुडत नाही. पण इलाज करायचा तर वरचा थर सोलून काढायचा, बोट कित्येक महिने कोरडी ठेवायची आणि मग इपॉक्सीचे हात द्यायचे. तोवर मरीनाचं भाडं चालूच.

त्याहून वाईट वर होतं. सागवानी डेक शेकडो स्क्रूंनी खालच्या फायबरग्लासच्या डेकला आवळलेलं असतं, आणि त्या डेकच्या पोटात हलकं बाल्सा लाकूड असतं. तीस वर्षांत प्रत्येक स्क्रू पाण्याला वाट देतो. एका ठिकाणी पाय ठेवला की डेक किंचित दबत होतं. तळातून आत येणाऱ्या एका नळाचा व्हॉल्व्ह खरवडल्यावर गुलाबी दिसला. पितळातलं जस्त समुद्रानं खाऊन टाकलं की उरलेल्या तांब्याचा तो रंग. असा व्हॉल्व्ह एखाद्या दिवशी हातात तुटून येतो.

मालक म्हणाले, “इंजिन तर जेमतेम वापरलेलंय,” आणि तास दाखवले. माझा उत्साह तिथेच मावळला. आयुष्यभर इंजिनं पाहिली आहेत. डिझेल इंजिन चालून जेवढं मरतं, त्याहून बसून जास्त मरतं. मरीनात पाच मिनिटं सुरू करून बंद केलेलं इंजिन कधी नीट तापतच नाही. आत ओल धरते, खारं पाणी एक्झॉस्टच्या कोपरात बसून राहतं.

कीलचे, म्हणजे तळाखालच्या वजनदार पात्याचे, बोल्ट सर्व्हेअरनी सगळ्यात सावकाश पाहिले. मालकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला : बोट कधी तळाला आपटली होती का? या भागात तो प्रश्न उगाच विचारत नाहीत. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ ही चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतताना अटलांटिकमध्ये उलटली. कील निखळली होती. चार खलाशी गेले. पूर्वी ती तळाला घासली होती आणि तळ दुरुस्त झाला होता, हे चौकशीत पुढे आलं. तळाला घासलेली बोट वाईटच असते असं नाही. ती घासल्याचं आणि दुरुस्तीचं कागदावर नसणं वाईट.

स्नेही मात्र अजून त्या पितळी दिव्यांखाली बसले होते. कोंडी वहिनींनी फोडली. पुढच्या टोकाला जाऊन त्यांनी नांगर पाहिला आणि विचारलं, “भाऊजी, यंत्र बंद पडलं तर हा ओढणार कोण?” नांगर तीस किलोच्या घरातला होता. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोहून थोडी जास्त भरते; साठ मीटर म्हणजे एकशे चाळीस किलोच्या आसपास. विजेचं यंत्र चालू असेतो ठीक. ब्रिटनमध्ये नोंदणी केलेल्या जहाजाची मालकी आजही चौसष्ट हिश्श्यांत मोजतात, हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “बत्तीस ह्यांचे, बत्तीस माझे. माझे नांगराकडचे नकोत.”

समुद्र ओलांडायला एवढी मोठी बोट लागते, ही समजूत मला मान्य नाही, आणि पुरावा आपल्या घरचाच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ मुंबईत, कुलाब्यात बांधलेली. सागवानी, साधारण बत्तीस फुटांची. एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायचं ठरल्यावर त्यांना नवी, मोठी पोलादी बोट हवी होती. सुहेली विकायला काढलेली. पैसे जमेनात, म्हणून १९६८ साली ते सुहेलीच घेऊन निघाले आणि ३१२ दिवसांनी परत आले. असा प्रवास पुरा करणारे ते पहिले. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर दलानं ‘तृष्णा’ ही सदतीस फुटी बोट ब्रिटनमध्ये जुनीच विकत घेतली, समुद्रमार्गे मुंबईला आणली आणि १९८५ ते १९८७ या काळात तीच जगाभोवती फिरवली. शिडाच्या बोटीनं जगप्रदक्षिणा करणारी ती पहिली भारतीय तुकडी.

यावर स्नेह्यांनी ‘म्हादेई’ काढली. ती छप्पन्न फुटांची, आणि तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जग फिरून आले. खरं आहे. पण म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर नवी बांधली जात होती तेव्हा दोंदे तिथेच होते. कुठला पाइप कुठून जातो, हे त्यांना तोंडपाठ. मागे नौदलाची आणि व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची ताकद. जुनी बोट घेणाऱ्याला हे ज्ञान कोणी देत नाही. आधीच्या चार मालकांनी चार पद्धतींनी ओढलेल्या वायरी त्याला एकेक करून, बहुधा रात्री, बहुधा पावसात समजून घ्याव्या लागतात. सदतीस फुटांत त्या कमी असतात, एवढंच.

अहवाल आल्यावर मालकानं किंमत बरीच खाली आणली. स्नेही डळमळले. मी दुरुस्तीचा अंदाज मांडून दाखवला : उतरलेल्या रकमेत डेकही होत नव्हतं. त्यांनी अनामत परत घेतली आणि त्या हिवाळ्यात एक छत्तीस फुटी बोट घेतली; दिसायला साधी, एका शाळामास्तरांनी वीस वर्षं वापरलेली. तिच्याबरोबर एक जाडजूड फाइल आली : प्रत्येक तेल बदलल्याची तारीख, तारा बदलल्याची पावती, व्हॅट भरल्याचा पुरावा, वाळूत एकदा रुतल्याची नोंद आणि त्यानंतरचा तपासणी अहवाल.

तेव्हा कोणाच्या मनात असं खूळ असेल, तर बोटीत पाय ठेवण्याआधी मालकाकडे ती फाइल मागा. ती नसेल, तर बोट कितीही देखणी आणि कितीही स्वस्त असो, चहा प्यायचा आणि गाडीत बसून घरी यायचं.