कळकलेली तार

सोनं महागलं की घराघरांत लग्नाचा हिशेब बिघडतो आणि आमच्या धंद्यात तांब्याला भाव येतो. २००१मध्ये औंसाला ३०० डॉलरच्या आत असलेलं सोनं २०११मध्ये १९०० डॉलरपर्यंत चढलं. त्या दशकात चिप-पॅकेजिंगवाल्यांनी भराभर सोन्याची तार सोडून तांब्याची धरली. मी फेल्युअर ॲनॅलिसिस करते, म्हणजे चिप का मेली ते शोधते. शवविच्छेदनच म्हणा.

सिलिकॉनचा तुकडा आणि चिपचे बाहेरचे पाय यांना जोडणारी ही तार २०-२५ मायक्रॉनची, केसाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची. ठिणगीने तिचं टोक वितळवून मणी करायचा आणि तो उष्णता, दाब, अल्ट्रासोनिक कंपनं यांच्या जोरावर ॲल्युमिनियमच्या पॅडवर बसवायचा. सोनं मऊ असतं, सांभाळून घेतं. तांबं कडक. जोर जरा जास्त झाला तर पॅडखालचं सिलिकॉन तडकतं. पण यंत्र नीट लावलं की हे सगळं जमतं.

खरी भीती मिठाची. म्हणजे क्लोराइडची.

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आजीने शिकवलेलं रसायनशास्त्र. चिपमध्ये उलटं होतं, तारच कळकते. मणी आणि पॅड यांच्यामध्ये तांबं-ॲल्युमिनियमच्या संयुगांचे पातळ थर तयार होतात. सांधा टिकतो तो त्यांच्यामुळेच. चिपवरच्या काळ्या प्लास्टिकमध्ये क्लोराइडचा अंश असेल आणि दमट हवा आत झिरपली, तर तांबं जास्त असलेला थर कुरतडला जातो. ॲल्युमिनियमचं क्लोराइड होतं, पाण्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि क्लोराइड पुन्हा मोकळं. खर्च होतच नाही ते! म्हणून दशलक्षात काही भागसुद्धा पुरतात. तारेला पॅलेडियमची कल्हई करतात, तिने बराच फरक पडतो, पण प्लास्टिक वाईट असेल तर तीही किती पुरणार?

दोन वर्षांपूर्वी एक जुना पार्ट माझ्याकडे आला. घरगुती उपकरणांसाठी पास झालेला, आता गाडीच्या ब्रेकच्या कंट्रोलरसाठी विकायचा होता. १३० अंश, ८५ टक्के आर्द्रता, ९६ तास. सगळे नग पास. मी त्यातले तीन उघडले. सोन्याच्या तारेची चिप उघडायला धूम्र नायट्रिक ॲसिड चालतं, पण ते तांबंच खाऊन टाकतं. म्हणून आधी लेझरने वरचं प्लास्टिक उडवलं, मग नायट्रिक-सल्फ्युरिकचं मिश्रण बेताबेताने वापरलं. सांधे आडवे कापून मायक्रोस्कोपखाली धरले, तर मण्यांच्या कडेपासून आत सरकणारी भेग. एकात निम्म्याच्या पुढे गेलेली.

मॅनेजर म्हणाले, "अहो मॅडम, रेझिस्टन्स तर बदललेला नाही."

बदलणार नाहीच. सांध्याचा थोडासा भाग चिकटून असला तरी वीज वाहते, मीटरला काही कळत नाही. कळतं ते शेवटचा धागा सुटल्यावर, आणि तेव्हा गाडी घाटात असू शकते. वाहन उद्योगाचं तांब्याच्या तारेसाठीचं मानक, एईसी-क्यू००६, चाचण्या दुप्पट काळ चालवायला सांगतं ते उगाच नाही. १९२ तास झाल्याशिवाय सही करणार नाही, एवढंच मी सांगितलं. मालाची तारीख हुकली. मीटिंगमध्ये "आपल्या लॅबला गाडी चालवायची नाहीये, फक्त ब्रेक मारायचाय" असा विनोद झाला. विनोद बरा होता, मीही हसले.

१८०व्या तासाच्या पुढे दोन नग ओपन झाले.

प्लास्टिक बदलायचं ठरलं, कमी क्लोराइडचं, किमतीला जरा चढं. तारेत वाचलेले पैसे थोडे तिकडे गेले, यावर खरेदी खात्याची अजून कुरकुर चालते. नव्या नगांनी १९२ तास काढले. त्यातलेही तीन मी कापले. कडा स्वच्छ होत्या. मग सही केली.