ऐकायला दोघं लागतात

रत्नागिरीकडच्या गावांत देवाला विचारायची एक जुनी रीत आहे. गुरव मूर्तीच्या अंगावर कळ्या चिकटवतो, गावाच्या वतीनं प्रश्न घातला जातो आणि मग सगळे वाट पाहत उभे राहतात. कुठल्या बाजूची कळी पडते त्यावर होकार की नकार ते ठरतं. हा झाला कौल. मला त्याहून गाऱ्हाण्याचं अप्रूप वाटतं. एक जाणता पुढं होऊन सगळ्यांचं सुखदुःख देवाच्या कानावर घालतो आणि त्याच्या वाक्यावाक्याला मागची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. बोलणारा एकच, पण त्याला एकट्याला बोलता येत नाही. मागून हुंकार आला नाही तर गाऱ्हाणं पुढं सरकायचंच नाही.

आम्हा ख्रिस्ती माणसांना कौल नाही. शास्त्र आहे, प्रार्थना आहे, बाकी वाट पाहणं. कळी पडताना चारचौघांना दिसते. आमच्या मनात काय पडलं ते फक्त आम्हालाच ठाऊक. म्हणून आमच्याकडे स्वतःला फसवणं सोपं, आणि हातात अधिकार असला तर दुसऱ्याला फसवणं त्याहून सोपं. ‘प्रभूनं मला सांगितलं’ असं कुणी म्हटलं की बैठकीतली चर्चा तिथंच संपते. देवाशी वाद घालायची कुणाची छाती? देव खरोखर बोलतो यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच त्याच्या नावानं कोण काय बोलतं याची मला काळजी वाटते.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते. होरेब डोंगरावर आधी सोसाट्याचा वारा आला, मग धरणीकंप, मग अग्नी. त्या कशातच परमेश्वर नव्हता. शेवटी एक अगदी हलका आवाज आला. उपदेश बहुधा इथंच थांबतो: शांत राहा, मग देव ऐकू येईल. पण त्या आवाजानं सांगितलं काय, हे वाचायला पुढं जावं लागतं. एलीयाचं गाऱ्हाणं होतं की देवाशी एकनिष्ठ असा आपण एकटाच उरलो. देवानं त्याला परत फिरायला सांगितलं, नांगर धरणाऱ्या अलीशाला जोडीला दिलं, आणि वर सांगितलं की बाल या दैवतापुढं गुडघे न टेकलेली सात हजार माणसं इस्राएलात अजून शिल्लक आहेत. थोडक्यात, पुढाऱ्याचा हिशेब देवानं दुरुस्त केला. ‘मी एकटाच’ असं सांगणारा आवाज कितीही हळुवार असो, तो होरेबवरचा नव्हे, एवढी खूणगाठ त्या गोष्टीतून बांधता येते.

दुसरी गोष्ट शमुवेलाची. हाक आली ती पोराला, पण ती कुणाची हे त्याला कळेना. तो धावत म्हाताऱ्या एलीकडे जाई. एलीनं दोनदा त्याला परत निजायला पाठवलं, तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आलं. एलीची नजर अधू झालेली, पोरं हाताबाहेर गेलेली, स्वतःला तर काहीच ऐकू आलेलं नव्हतं. तरीही दुसऱ्याला आलेली हाक त्यानं ओळखली आणि तिला उत्तर कसं द्यायचं ते शिकवलं. सकाळी मुलगा घाबरत घाबरत सांगू लागला तेव्हा कळलं की निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध आहे. एलीनं तो खोदून खोदून विचारून ऐकला आणि परमेश्वराला बरं वाटेल ते तो करो म्हणून मान तुकवली. बाप म्हणून एली नापास; पण त्या एका रात्रीचा एली मला पुढारपणाचा सर्वांत मोठा धडा वाटतो. हाक एकाला येते, ओळख दुसऱ्याला पटते. ऐकायला दोघं लागतात.

हे मी रत्नागिरीत बसून लिहितो आहे, तेव्हा नारायण वामन टिळकांना टाळून पुढं जाता येणार नाही. ते याच जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१चा. १८९३च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन प्रवासी भेटला, दोघांच्या गप्पा झाल्या, आणि निघताना त्यानं टिळकांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांना धरलं ते सोडलंच नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले, १९०४मध्ये पाळक झाले, आणि साहेबी चालीवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग आणि कीर्तन दिलं. आजही ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी त्यांची पदं भेटतात. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. देवाला ऐकायचे त्यांचे कान पंढरीच्या वाटेवर तयार झाले होते.

पण १८९५च्या त्या हाकेची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. लक्ष्मीबाई तेव्हा विशीतल्या, पदरी लहान मुलगा. नवरा बाटला ही बातमी त्यांच्यावर येऊन आदळली. मग काही वर्षं पंढरपुरात आणि इतरत्र नातलगांच्या आधारानं काढली. देव टिळकांशी बोलला असेलही. किंमत मात्र या बाईनं मोजली, आणि तिला आधी कुणी विचारलं नव्हतं. टिळकांना मी मानतो, त्यांच्या पदांनी माझ्या कितीतरी सकाळी उजळल्या आहेत; तरी हे म्हटल्यावाचून राहवत नाही. हाक खरी असली म्हणून ती ऐकण्याची रीत बिनचूक असतेच असं नाही.

त्यानंतरचे टिळक मला जास्त मोठे वाटतात. बायको परत नांदायला आली ती आपलं सोवळं घेऊन. वेगळं पाणी, वेगळी चूल, वेगळं सगळं. घरधनी मिशनचा माणूस, प्रभूच्या प्रेमावर व्याख्यानं देणारा, आणि त्याच्याच घरात दोन पाणवठे! त्यानं हुकूम सोडला असता तर त्या काळात कुणी नावं ठेवली नसती. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातली जातपात त्यांच्या स्वतःच्या विचारानं, त्यांच्या स्वतःच्या वेळी गळून पडली, आणि १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत जाऊन. टिळक आपल्याच माजघरात एलीची भूमिका शिकले, असं मला वाटतं.

आणि लक्ष्मीबाई काय करत होत्या? त्या प्रश्न विचारत होत्या. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे, वाटेत भेटेल त्या गरजवंताला तो जाई, आणि घरी डाळतांदळाचा विचार या बाईला करावा लागे. नवऱ्याच्या प्रत्येक नव्या संकल्पाकडे त्या प्रेमानं आणि थोड्या तिरक्या नजरेनं पाहतात. म्हणून तर त्या पुस्तकात भक्ती असूनही भाबडेपणा नाही. १९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार आणि आधार सोडून संन्यस्त वृत्तीनं राहायचं ठरवलं आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथं एका पंगतीला बसावेत ही कल्पना. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. दरबार त्यांच्यामागं टिकला नाही. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य मात्र पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी, आणि त्याचा मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. जिला आधी विचारलं नव्हतं, तिनंच शेवटी त्यांचं अपुरं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.

रत्नागिरीच्याच किनाऱ्यावर हर्णै आहे. स्कॉटिश मिशनरी १८२३पासून बाणकोट-हर्णै भागात होते. पुढं मुंबईत नावारूपाला आलेले जॉन विल्सन १८२९मध्ये हिंदुस्थानात उतरले ते मराठी शिकायला आधी हर्णैला आले. विद्यापीठात शिकून आलेला, मनात उपदेश तयार असलेला तरुण, आणि त्याला सुरुवात करावी लागली ती इथल्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकण्यापासून. पुढं त्यांनी वाद घातले, शाळा-कॉलेजं काढली; त्यांच्या वादपटुत्वाबद्दल मतभेद असू शकतील. पण सांगायला आलेल्याला आधी विद्यार्थी व्हावं लागलं, एवढं हर्णैच्या बंदरानं त्यांच्याकडून करून घेतलं.

पंडिता रमाबाईंना हाक आली ती वेगळ्याच वाटेनं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यांना आपलेच दिवस आठवले. त्यांचे आईवडील दुष्काळातच अन्नावाचून गेले होते. त्या उठल्या, तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावचं ‘मुक्ती’ मिशन त्यातून उभं राहिलं. १९०५मध्ये तिथं प्रार्थनेची मोठी लाट आली, तिची चर्चा जगभर झाली. मला मात्र ती आधीची आठ वर्षं महत्त्वाची वाटतात. दळण, शिवण, छापखाना, शेती, आजारपणं. मुलींची पोटं भरण्याचं काम आधी झालं, आत्म्याचे वारे नंतर वाहिले.

रोजच्या जगण्यात देवाची चाहूल अशीच लागते, कुणाच्या तरी निमित्तानं. कोकणातल्या आईला मुंबईच्या मुलाचा फोन येतो. ‘सगळं बरं आहे गो,’ तो म्हणतो, आणि ‘बरं’ म्हणताना त्याचा आवाज जरासा खाली जातो. आई पुढचा प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कुणाच्या तरी हाती कुळीथ, सोलं आणि घडी केलेल्या चार नोटा निघतात. रात्रपाळीची सिस्टर वॉर्डातून चालताना एका खाटेपाशी थांबते; यंत्र ठीक म्हणत असतं, तिला श्वास वेगळा लागतो. ती स्टूल ओढून बसते. या दोघींना कुणी विचारलं की तुम्हाला देवानं सांगितलं का, तर त्या हसतील. पण प्रार्थनेत मी जे मागतो ते हेच, कान असे तयार व्हावेत.

एका मंडळीच्या पंचांच्या बैठकीला मी बसलो होतो. बाहेर आषाढाचा पाऊस. पाळकसाहेबांनी सांगितलं की पुष्कळ प्रार्थनेअंती प्रभूनं त्यांना नवी कमान दाखवली आहे, रस्त्यावरून दिसेल अशी, वर क्रूस. माना हलल्या. कोपऱ्यातल्या एका आजीबाई, ज्या फक्त चहा द्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, ‘कमान दाखवली ती बरी. गेल्या रविवारी माझ्या डोक्यावर छपरातनं पाणी गळत होतं, ते काही त्यानं दाखवलं नाही होय?’ काही क्षण कुणी बोललं नाही. मग सगळ्यांत आधी हसले ते पाळकसाहेब. हसले, आणि वहीतली ओळ त्यांनी स्वतः खोडली. छप्पर दुरुस्त झालं, कमान अजून झालेली नाही. त्या दिवशी तिथं ख्रिस्ती पुढारपण कशाला म्हणतात ते मी पाहिलं: ते आधी प्रार्थना करण्यातही होतं, पण त्याहून जास्त ओळ खोडण्यात होतं.

पाचारण झालेल्या माणसानं पहाटे उठून एकांतात जावं, शास्त्र वाचावं, गप्प बसावं, हे सगळं खरं. पण तिथं जे ऐकलं ते घेऊन त्यानं आपल्याला न भिणाऱ्या एका माणसाकडे जायला हवं. बायको असेल, धाकटा सहकारी असेल, उपकाराखाली नसलेला एखादा जुना सभासद असेल. त्यानं प्रश्न विचारले म्हणून देवाचा शब्द बारीक होत नाही. खोटा असेल तर तेवढा उघडा पडतो. अशी माणसं प्रत्येक मंडळीत असतात, बहुधा शेवटच्या बाकावर किंवा स्वयंपाकघरात. त्यांचं मत विचारायला कुठल्या ठरावाची गरज लागत नाही.