मनाची प्रश्नपत्रिका

आम्हां शिक्षकांचें अर्धें आयुष्य प्रश्नपत्रिका काढण्यांत जातें आणि उरलेलें अर्धें उत्तरपत्रिका तपासण्यांत. त्यामुळें प्रश्न दिसला कीं त्याचें 'अपेक्षित उत्तर' काय असावें, हा विचार आमच्या मनांत आपोआप उभा राहतो. आणि विद्यार्थिमित्रहो, ही संवय आम्हींच तुम्हांसही लावून ठेविली आहे. गतवर्षीं मात्र आमच्या हातीं अशी एक प्रश्नपत्रिका आली कीं, जिच्यांत अपेक्षित उत्तर देण्यास कांहींच किंमत नव्हती.

ह्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेली व आतां विद्यापीठांत मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत शिकणारी आमची एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटींत घरीं आली होती. "सर, शिक्षकांची झोप, काळजी आणि मनःस्थिति यांविषयीं आमच्या विभागांत एक पाहणी चालली आहे. प्रश्नावली ऑनलाइन आहे. तुम्ही भराल का?" असें तिनें भीत भीतच विचारिलें. लगेच पुढें म्हणाली, "तुम्हीं भरली कीं नाहीं, हें मला कळणार नाहीं. कळूं नये, अशीच व्यवस्था केली आहे." हें दुसरें वाक्य ऐकून आम्हांस तिच्या शिक्षणाविषयीं समाधान वाटलें.

पडद्यावर आरंभीं प्रश्न नव्हतेच. एक माहितीचें पान होतें. संशोधन कोण करीत आहे, कोणत्या नीतिसमितीनें त्यास मान्यता दिली, उत्तरें किती काळ ठेवणार, तीं कोण पाहणार, हें सारें त्यांत साध्या भाषेंत सांगितलें होतें. कोणत्याही क्षणीं, कारण न देतां, थांबण्याची मोकळीक होती. अठरा वर्षांखालील व्यक्तींनीं पुढें जाऊं नये, असेंही स्पष्ट लिहिलें होतें. हें सर्व मान्य असल्यास एका चौकटींत खूण करावयाची. आम्हीं तें पान दोनदां वाचलें, आणि मगच खूण केली. (सूचना न वाचतां थेट निबंध लिहावयास बसणाऱ्या नववीच्या वर्गानें येथें लक्ष द्यावें.)

प्रश्नावलीच्या मध्यभागीं नऊ प्रश्नांची एक जगभर वापरली जाणारी यादी होती. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोन्के व जॅनेट विल्यम्स ह्या अमेरिकन संशोधकांनीं ती सिद्ध केली, आणि ती कितपत भरंवशाची आहे याची परीक्षा २००१ सालीं प्रसिद्ध झाली. 'पीएचक्यू-९' ह्या नांवानें ती ओळखली जाते. गेल्या दोन आठवड्यांत उदासपणा, निद्रानाश, थकवा, अन्नावरील वासना जाणें, चित्त एकाग्र न होणें अशा गोष्टींचा त्रास किती दिवस झाला, एवढेंच ती विचारिते. उत्तरें चारच : मुळींच नाहीं, कांहीं दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ दररोज. त्यांस अनुक्रमें शून्यापासून तीनपर्यंत गुण. एकूण गुण २७. आमच्या परीक्षांहून उलट, येथें जितके गुण अधिक तितका त्रास अधिक. दहा किंवा त्याहून अधिक गुण पडले म्हणजे आजार ठरला असें मात्र कोणी समजूं नये. जाणत्या डॉक्टरांनीं पुढें चौकशी करावी, इतकाच त्याचा अर्थ.

झोपेच्या प्रश्नापाशीं आमचा हात अडखळला. त्या दिवसांत घरीं मातोश्री आजारी होत्या, शाळेंत सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते, आणि आम्ही रोज पहाटे तीनच्या सुमारास जागे होऊन उजाडण्याची वाट पाहत पडून राहत होतों. खरें उत्तर 'जवळजवळ दररोज' हेंच होतें. तरीही बोट 'मुळींच नाहीं' कडे वळत होतें! पाहणारें कोणी नव्हतें, नांव कोठें लिहिलें नव्हतें. तथापि वर्गांत चाळीस मुलांपुढें जसे ताठ उभे राहतों, तसेच त्या निर्जीव पडद्यापुढेंही उभे राहण्याची आमची धडपड चालली होती. माणसाचा हा स्वभाव संशोधकांस चांगला ठाऊक असतो. घाईघाईनें खुणा करीत सुटणारेही पुष्कळ असतात. म्हणून मध्येंच 'ह्या ओळींत तिसरा पर्याय निवडा' असें एखादें वाक्य घातलेलें असतें, व जो वाचीत नाहीं तो तेथें सांपडतो. आम्हीं अखेर खऱ्या उत्तरावर खूण केली. जी गोष्ट आम्हीं घरींही बोललों नव्हतों, ती अशा रीतीनें प्रथम एका यंत्रास सांगितली गेली. त्या रात्रीं मग ती पत्नीसही सांगितली. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. पहाटे तीनला दिवा कोण लावतें, तें का मला दिसत नाहीं?"

येथें ह्या सर्व उद्योगाची एक मर्यादा सांगणें अवश्य आहे. त्या यादींतील नववा प्रश्न सर्वांत कठीण. जगणें नकोसें वाटतें काय, स्वतःस इजा करण्याचे विचार येतात काय, असें तो विचारितो. ज्याचें उत्तर 'होय' असेल, त्यास त्याच घटकेस दुसऱ्या माणसाची गरज असते. दवाखान्यांत तो माणूस समोर बसलेला असतो. निनावी पाहणींत उत्तर यंत्रांत जाऊन पडतें, आणि तें कोणाचें हें संशोधकासही कळत नाहीं. मग त्यानें धांवून यावें तरी कोणाकडे? म्हणूनच कित्येक पाहण्यांत हा प्रश्न गाळून आठच विचारितात, व त्या यादीस 'पीएचक्यू-८' म्हणतात. जेथें तो ठेविलेला असतो, तेथें शेवटच्या पानावर मदतीचे क्रमांक देण्याची रीत आहे. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेली 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस व विनामूल्य मिळते. हा क्रमांक मुलांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि कोणी कां लिहिला म्हणून पालकांनीं त्यास रागें भरूं नये. प्रश्नावलीस सांगितलें, आतां माणसास सांगावयाचें कारण नाहीं, असें मात्र कोणी मनांत आणूं नये.

मग असल्या पाहणींत पडावेंच कशाला, असें कोणी विचारील. पैसा नाहीं, प्रमाणपत्र नाहीं, औषध तर नाहींच. २०१० सालीं जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन व आरा नोरेनझायन ह्या कॅनडांतील तीन संशोधकांनीं एक गोष्ट जगापुढें ठेविली ती अशी. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांत ज्या माणसांवरून सिद्धान्त काढिले जात होते, त्यांपैकीं शेंकडा ९६ माणसें अशा देशांतील होतीं कीं, जेथें जगाची अवघी शेंकडा १२ वस्ती राहते. म्हणजे 'मानवी मन' ह्या नांवाखालीं जें छापलें जात होतें, त्यांत आपल्या आळींतील, आपल्या वाडींतील माणूस जवळजवळ नव्हताच. आणखी जवळचें उदाहरण घ्या. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेनें २०१५-१६ सालीं घरोघर जाऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. शंभर प्रौढांपैकीं सुमारें दहा-अकरा जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार आहे, असें तींत आढळलें. ती पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत गुजरात होतें, मध्यप्रदेश होता, छत्तीसगड होतें, महाराष्ट्र नव्हता. आमची पंधरा मिनिटें ही उणीव भरून काढतील असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु ज्यांनीं सांगितलें नाहीं त्यांचें कोणीं लिहून ठेवीत नाहीं, हें इतिहासाच्या तासाला आम्ही नेहमींच सांगत आलों आहों.

ऑनलाइन पाहणींत तर सांगणारे आपणहून पुढें येतात, आणि न येणारे तसेच अंधारांत राहतात. ब्रिटनमधील 'यूके बायोबँक' ह्या प्रचंड संशोधनांत २०१६-१७ सालीं मनःस्वास्थ्याची ऑनलाइन प्रश्नावली सुमारें १,५७,००० लोकांनीं भरली. पण भरणारे हे न भरणाऱ्यांपेक्षां अधिक शिकलेले व अधिक निरोगी निघाले. ज्याचें दुःख मोठें, त्याला पडद्यापुढें बसण्याचें त्राणच नसतें, असेंही असूं शकेल.

आतां दुसरी बाजू. जानेवारी १९१२ नव्हे, २०१२ सालच्या जानेवारींत (ही कांहीं जुन्या काळची कथा नाहीं, म्हणून साल मुद्दाम ठासून सांगतों) फेसबुकनें एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांपुढें येणाऱ्या मजकुरांत फेरफार केला. कांहींपुढें आनंदाचा मजकूर कमी, तर कांहींपुढें दुःखाचा कमी. आणि त्यायोगें त्यांच्या स्वतःच्या लिहिण्याचा सूर बदलतो काय, तें पाहिलें. परिणाम अगदींच अल्प आढळला. पण २०१४ सालीं हें प्रसिद्ध झालें तेव्हां जगभर संताप उसळला, कारण त्या पावणेसात लाखांवर माणसांपैकीं कोणासही विचारलें नव्हतें. पुढें मार्च २०१८ मध्यें उघडकीस आलें कीं, सुमारें २,७०,००० लोकांनीं भरलेल्या एका स्वभावचाचणीच्या द्वारें त्यांच्या स्नेह्यासोबत्यांचीही माहिती उचलली गेली. असे सुमारें ८ कोटी ७० लाख लोक असूं शकतील असा फेसबुकचाच अंदाज होता, आणि ती माहिती राजकीय प्रचार करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका ह्या कंपनीच्या हातीं पडली होती.

म्हणून 'तुमचा स्वभाव ओळखा' अशी चाचणी मोबाइलवर आली कीं मुलांनीं प्रथम माहितीचें पान शोधावें. संस्थेचें नांव नाहीं, नीतिसमितीचा उल्लेख नाहीं, उलट मित्रांचे क्रमांक मागितले आहेत, असें दिसल्यास ती खुशाल बंद करावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांच्या खात्रीशीर संमतीची अट घातली आहे. मात्र पालकांनींही एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार संशोधनांत पालकांची संमति पुरेशी नाहीं. सात वर्षांवरील मुलाचा तोंडी व बारा वर्षांवरील मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो. तुम्हीं सही केली आणि मूल 'नको' म्हणालें, तर त्याचा शब्द राखावयाचा. घरांतील इतर बाबतींतही हा नियम लावावा काय, हा प्रश्न आम्ही पालकसभेवर सोंपवितों.

नाताळच्या सुटींत ती विद्यार्थिनी पुन्हां आली. आतां पाहणी शिक्षकांपलीकडे न्यावयाची होती, व त्यासाठीं प्रश्न मराठींत हवे होते. त्याची रीत मोठी कडक असते : एकानें भाषांतर करावें, दुसऱ्यानें मूळ न पाहतां तें परत इंग्रजींत न्यावें, दोन्ही ताडून पाहावीं, आणि मग तें साध्या माणसांस वाचून दाखवावें. पहिल्याच प्रश्नांत 'कोणत्याही कामांत रस वाटत नाहीं' असे शब्द होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत मावशींस ते वाचून दाखविले, तेव्हां त्यांनीं हातांतील पोळपाट बाजूस ठेवून विचारिलें, "रस कसला, उसाचा?" हंसूं आवरल्यावर अर्थ समजावून सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असं होय! कशात जीव रमत नाही म्हण की. आमचे हे गेले त्या साली माझं तसंच झालं होतं. मीठ घातलं का नाही, ते पण कळायचं नाही." शिक्षकांच्या खोलींत तासभर आम्ही ज्या शब्दासाठीं झगडत होतों, तो असा कणीक मळतांना मिळाला. मुलीनें तो लगेच लिहून घेतला.

"हे सवाल आमच्यासारख्यांना पण विचारणार का?" मावशींनीं विचारिलें.

"तुम्हांला चालणार असेल तरच, मावशी. नको असेल तर मध्येंच थांबायचं."

मावशींनीं पदरास हात पुसले. "बस तिथं," त्या म्हणाल्या, "आणि दुसरा वाच."